कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलण्यापूर्वी मदरबोर्डची तयारी

आमच्या बाजारात हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. दुकानात सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेला कॉम्प्युटर आहे. बिले निघतात, जीएसटीचे काम होते, मशीन तसे धडधाकट आहे. पण त्यावर विंडोज ११ चढत नाही. कॉम्प्युटरवाल्याला विचारले की तो सांगतो, हे आता संपले, पूर्ण नवे घ्या. दुसरा सांगतो, नुसता प्रोसेसर बदला, काम होईल. तिसरा प्रोसेसर बदलून देतो आणि मशीन चालूच होत नाही. यातील खरे काय, खोटे काय, आणि प्रोसेसर बदलायचाच असेल तर मदरबोर्डची कोणती तयारी आधी करावी लागते, हे व्यापारी व कारागीर बांधवांसाठी येथे मांडत आहोत. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, इंजिनिअर नव्हे. परंतु शहागंज, सिटी चौक, गुलमंडी या भागांतील दुकानांमध्ये हे काम होताना आणि बिघडताना आम्ही जवळून पाहिले आहे, आणि जाणत्या लोकांकडून समजूनही घेतले आहे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. तोपर्यंत लाल वहीवर चालणाऱ्या कितीतरी दुकानांत त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत पहिला कॉम्प्युटर आला. हीच ती मशीने. त्यावर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत बंद केली. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेची मुदतवाढ दिली गेली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, जीएसटीचे पोर्टल उघडते, गिऱ्हाइकांची उधारी लिहिलेली असते, ते मशीन सुरक्षा सुधारणांविना ठेवणे म्हणजे गल्ला उघडा टाकून जेवायला जाणे होय. आडमार्गाने जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवून देणारेही पुष्कळ आहेत. पण अशा मशीनला पुढील सुधारणा मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाच्या मशीनवर असा प्रयोग आम्हाला पसंत नाही.

विंडोज ११ ला तीन गोष्टी लागतात. तिच्या यादीतला प्रोसेसर, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-पेटी आणि सिक्युअर बूटची सोय असलेला मदरबोर्ड. यातील दुसरी व तिसरी गोष्ट २०१७-१८ नंतरच्या बहुतेक मदरबोर्डमध्ये आधीपासून असते, फक्त बंद करून ठेवलेली असते. अडते ते पहिल्या गोष्टीपाशी.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू आणि मदरबोर्ड म्हणजे तो मेंदू ज्यावर बसतो ती मोठी हिरवी किंवा काळी पाटी, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वस्तू आहे, तिचे नाव बायोस. मदरबोर्डवर एक लहानशी चिप असते आणि तिच्यात मशीन चालू होतानाच्या सूचना लिहिलेल्या असतात. बटण दाबल्यावर सर्वांत आधी या सूचना चालतात. समोर कोणता प्रोसेसर आहे, त्याला किती व्होल्ट द्यायचे, मेमरी किती वेगाने चालवायची, विंडोज कोणत्या डिस्कवरून उचलायची, हे सारे बायोस ठरवते.

आपल्या कारागीर बांधवांना हे मागाच्या उदाहरणाने चटकन कळेल. हिमरूच्या जुन्या मागावर नक्शा दोऱ्यांच्या जाल्यात बांधलेला असे आणि वर बसलेला मुलगा त्याप्रमाणे दोरे ओढत असे. जॅकार्ड आल्यावर तेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांकडे गेले. माग कितीही चांगला असो, पुठ्ठ्यात भोक नसेल तर हूक उचलला जाणार नाही. समजा, मागावर जास्त हुकांचे नवे जॅकार्ड बसवले आणि पुठ्ठे मात्र जुनेच ठेवले, तर नव्या हुकांसाठी त्यात भोकेच नाहीत. माग नीट, सूत नीट, कारागीर नीट, आणि कापड निघत नाही. नव्या प्रोसेसरचे आणि जुन्या बायोसचे नेमके असेच होते. २०१८ साली लिहिलेल्या बायोसला २०२१ साली निघालेला प्रोसेसर ओळखताच येत नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळा राहतो. दुकानदार समजतो, प्रोसेसर खराब निघाला. विकणारा म्हणतो, तुमचा मदरबोर्ड गेला. बऱ्याच वेळा दोन्ही वस्तू शाबूत असतात.

१९९० च्या दशकात हे काम हाताने करावे लागे, ते आठवणारे काही वाचक असतील. त्या काळच्या पेंटियमच्या मदरबोर्डवर जम्पर नावाच्या लहान लहान टोप्या असत. बोर्डाचा वेग ६६ मेगाहर्ट्झ ठेवायचा आणि गुणक ३ ठेवायचा की २०० मेगाहर्ट्झचा पेंटियम चालू होई. गुणक २ ठेवला की १३३ चा. पुढे एमएमएक्स जातीचा पेंटियम आला, त्याच्या आतल्या भागाला २.८ व्होल्ट लागत, तर आधीच्या पेंटियमला ३.३ च्या आसपास. जम्पर न बदलता नवा प्रोसेसर बसवला तर त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्ट मिळत आणि तो तापून निकामी होण्याची भीती असे. आता व्होल्ट आणि गुणक बायोस स्वतः ओळखून ठरवते, जम्परची कटकट गेली. पण जबाबदारी गेली नाही, ती टोपीवरून बायोसच्या आवृत्तीवर आली, इतकेच. बायोस पुसली गेली तर काय होते, हेही जगाने त्याच काळात पाहिले. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने आशियातील हजारो मशीनवर डिस्कमधील मजकूर तर उडवलाच, शिवाय कित्येक मदरबोर्डांची बायोस चिप कोरी केली. ती मशीने पुन्हा सुरूही होईनात, चिप बदलावी लागली.

आता मुख्य प्रश्न. आपल्या मदरबोर्डवर कोणता प्रोसेसर बसेल?

इंटेलच्या बाबतीत उत्तर बहुतेकांना आवडणार नाही. इंटेलच्या सहाव्या व सातव्या पिढीचे प्रोसेसर, म्हणजे आय ३-६१०० किंवा आय ३-७१०० यांसारखे, ११५१ या सॉकेटवर बसतात. आठव्या व नवव्या पिढीच्या सॉकेटचे नावही ११५१ च आहे. आकार तोच, खाचा त्याच. म्हणून कित्येक जण एच ११० किंवा बी २५० च्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर घेऊन येतात. तो बसतो, पण चालत नाही, कारण आतील जोडण्या इंटेलने बदलल्या. आठव्या-नवव्या पिढीला एच ३१०, बी ३६० अशा ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. आणि विंडोज ११ ची यादी इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून सुरू होते. तात्पर्य, ज्यांच्याकडे एच ११० किंवा बी २५० चा बोर्ड आहे त्यांनी प्रोसेसर बदलण्याच्या भरीस पडू नये; त्यांना बोर्डच बदलावा लागेल. ज्यांच्याकडे एच ३१० चा बोर्ड आणि त्यावर आठव्या पिढीचा लहान प्रोसेसर आहे, त्यांचे मशीन विंडोज ११ ला तसेही चालण्यासारखे असते. वेग हवा असेल तर बायोस नवी करून नवव्या पिढीचा आय ५ बसवता येतो.

एएमडीचा मामला वेगळा आहे, आणि येथेच व्यापाऱ्याचे पैसे वाचतात. एएमडीने एएम ४ हे सॉकेट रायझनसाठी मार्च २०१७ मध्ये बाजारात आणले आणि नंतर रायझन २०००, ३०००, ५००० या मालिका त्याच सॉकेटवर काढत गेली. सुरुवातीला कंपनी म्हणत होती की २०१७ च्या ए ३२० आणि बी ३५० बोर्डांवर ५००० मालिका चालणार नाही. बऱ्याच ओरड्यानंतर २०२२ साली तिने हा निर्णय बदलला आणि बोर्ड बनवणाऱ्यांनी त्या जुन्या बोर्डांसाठीही नवी बायोस दिली. म्हणजे २०१७ च्या बोर्डावर पाच वर्षांनी निघालेला प्रोसेसर बसू शकतो. मेमरी तीच डीडीआर ४, पेटी तीच, डिस्क तीच. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, त्यामुळे नवे मशीन म्हणजे नवी डीडीआर ५ मेमरीही आली आणि तिचा खर्चही आला. जुनी मेमरी वापरता येणे ही या वेळी लहान गोष्ट नाही.

यामागे एक गमतीची अडचण होती, तीही सांगण्यासारखी आहे. त्या जुन्या बोर्डांपैकी अनेकांवरील बायोस चिप केवळ १६ मेगाबाइटची. प्रत्येक नव्या प्रोसेसरच्या सूचना त्यात भरायच्या तर जागा कुठून आणायची? मग काही कंपन्यांनी सर्वांत जुन्या प्रोसेसरच्या सूचना काढून टाकल्या. दुकानाच्या फडताळात जागा नसली की जुने ताके गोदामात जातात, तसेच हे. परिणाम असा की काही बोर्डांवर नवी बायोस चढवल्यावर फार जुना प्रोसेसर त्यावर पुन्हा चालत नाही, आणि काही बोर्डांवर जुन्या बायोसकडे परतताही येत नाही. म्हणून कंपनीच्या पानावर बायोसच्या प्रत्येक आवृत्तीखाली जी बारीक टीप असते ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. ती इंग्रजीतच असते. आमच्यासारखी उर्दू माध्यमात शिकलेली माणसे अशा वेळी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना जवळ बसवतात, त्यात कमीपणा कसला!

बाजारात रायझन ३ २२००जी आणि रायझन ५ २४००जी हे प्रोसेसर दुकानांच्या मशीनमध्ये फार लागले, कारण त्यांच्यातच ग्राफिक असते, वेगळे कार्ड घ्यावे लागत नाही. नावात २००० असले तरी हे दोन्ही विंडोज ११ च्या यादीत नाहीत. रायझन १००० मालिकाही नाही. रायझन ३ ३२००जी आहे. ज्यांच्याकडे २२००जी आहे त्यांच्यासाठी ४६००जी, ५६००जी किंवा ५६००जीटी हे सरळ पर्याय होत, बोर्डाच्या यादीत ते असतील तर. येथे मोठा सापळा आहे. नुसता ५६०० किंवा ५५०० स्वस्तात मिळाला म्हणून घेतला तर त्यात ग्राफिक नाही. बोर्डाच्या मागील मॉनिटरचा सॉकेट मग मुका होतो आणि वेगळे ग्राफिक कार्ड घ्यावे लागते. इंटेलमध्ये हीच खूण उलटी आहे, नंबरामागे एफ असेल तर ग्राफिक नाही, जसे ९४००एफ. एएमडीत जी हवे, इंटेलमध्ये एफ नको, एवढे ज्याने पाठ केले त्याचे चार-पाच हजार वाचले.

बोर्ड ओळखायचा कसा? पेटीचे झाकण काढले की बोर्डावर कंपनीचे नाव आणि मॉडेल मोठ्या अक्षरांत छापलेले असते. शेजारी किंवा कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांकही असतो, १.० किंवा २.० असा. हा क्रमांक लहान वाटतो पण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांची बायोस वेगळी असू शकते, आणि चुकीची बायोस घातली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. झाकण उघडायचे नसेल तर विंडोजमध्ये सिस्टम इन्फर्मेशन उघडावे. तेथे बोर्डाचे नाव, सध्याची बायोसची आवृत्ती आणि तिची तारीख दिसते. नंतर त्या कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेलच्या पानावर जाऊन प्रोसेसरची यादी काढावी. प्रत्येक प्रोसेसरसमोर बायोसचा एक क्रमांक लिहिलेला असतो. त्याचा अर्थ, त्या आवृत्तीपासून पुढे हा प्रोसेसर चालतो. प्रोसेसर यादीत नाही, तर घेऊ नये. दुकानदार कितीही छातीठोक सांगो.

ही यादी पाहताना वॅटही पाहावे. दुकानातील साध्या ए ३२० बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर बऱ्याचदा थंड करणारी पट्टीसुद्धा नसते. अशा बोर्डाला ६५ वॅटचा प्रोसेसर ठीक. १०५ वॅटचा बसवून मे महिन्यात, आपल्या शहरात पारा चाळिशीपार असताना, पत्र्याच्या पोटमाळ्यावर तो चालवणे शहाणपणाचे नाही. कापडाच्या दुकानात आणखी एक गोष्ट असते जी कॉम्प्युटरवाल्याच्या पुस्तकात नसते, ती म्हणजे रुईचे तंतू. प्रोसेसरवरील पंखा हे तंतू ओढून घेतो आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये त्यांची अक्षरशः गादी तयार होते. आम्ही एका यंत्रमागवाल्या मित्राच्या मशीनमधून मूठभर कापूस निघालेला पाहिला आहे. त्याच्या मशीनचा वेग कमी झाला होता तो प्रोसेसर जुना झाल्यामुळे नव्हे, उष्णतेमुळे. साफ केल्यावर ते वर्षभर तसेच चालले. म्हणून खर्चाआधी एकदा ब्रश मारून पाहावा.

आधी किल्ली, मग कुलूप

आता तयारीचा तो भाग, ज्यात हलगर्जीपणा झाला तर प्रोसेसर जात नाही, हिशेब जातो. पहिले काम म्हणजे सर्व माहितीची नक्कल. टॅली किंवा जे काही बिलाचे सॉफ्टवेअर असेल त्याचा बॅकअप, जीएसटीच्या फाइली, डिझाइनच्या फाइली, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यातली एक मशीनबाहेर काढून घरी न्यावी. टॅलीचे लायसन्स मशीनच्या अवयवांशी बांधलेले असते, तेव्हा ते आधी सरेंडर करून नंतर पुन्हा चालू करणे सोयीचे पडते.

याहून महत्त्वाची बाब बिटलॉकरची. अनेक मशीनमध्ये डिस्क कुलूपबंद असते आणि मालकाला ते माहीतही नसते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने मशीन सुरू केले की डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाची सोय काही मशीनवर आपोआप चालू होते. या कुलपाची किल्ली टीपीएममध्ये असते. आणि एएमडीच्या या बोर्डांवर टीपीएमची वेगळी चिप नसते, ते काम एफटीपीएम या नावाने प्रोसेसर आणि बायोस मिळून करतात. साहजिकच प्रोसेसर बदलला, किंवा नुसती बायोस बदलली, तरी पेटीतील किल्ली जाऊ शकते. नवा प्रोसेसर घालून मशीन चालू केले की काळ्या पडद्यावर इंग्रजीत प्रश्न येतो, नवा प्रोसेसर सापडला आहे, एफटीपीएम पुसायचे काय? वाय दाबा किंवा एन दाबा. घाईत वाय दाबला जातो. नंतर विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी किल्ली मागते. ती नसेल तर डिस्कवरील माहिती कोणी काढून देऊ शकत नाही, बनवणारी कंपनीही नाही.

आमच्या ओळखीच्या एका होजिअरीच्या ठोक व्यापाऱ्यावर हा प्रसंग आला. प्रोसेसर बसवणाऱ्या कारागिराने विचारले नाही, यांना माहीत नव्हते. मशीन उत्तम चालू झाले आणि समोर ४८ आकड्यांची मागणी. दोन वर्षांची उधारी आत. त्यांच्या भाच्याने जुन्या मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टचे खाते उघडले, तेथे ती किल्ली जपून ठेवलेली सापडली, तेव्हा कुठे त्यांना घोट पाणी गेले. मशीन पहिल्यांदा सुरू करताना कुणाचा ईमेल टाकला होता, हे आठवायलाच दोन दिवस गेले होते.

म्हणून क्रम असा ठेवावा. सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का ते पाहावे. चालू असेल तर रिकव्हरी किल्ली कागदावर उतरवावी किंवा छापून घ्यावी, त्याच मशीनवर साठवू नये. नंतर बिटलॉकर सस्पेंड करावे, अथवा कुलूपच काढून टाकावे. डिस्क मोकळी व्हायला वेळ लागतो, तो द्यावा. हे झाल्याखेरीज बायोसला हात लावू नये.

जुने सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे. फॉक्सप्रोच्या जमान्यातील डॉसवर चालणारी बिलांची सॉफ्टवेअर काही दुकानांत ३२ बिटच्या विंडोजवर अजून टिकून आहेत. ती ६४ बिटवर सरळ चालत नाहीत. उर्दू लग्नपत्रिका छापणारे बांधव इनपेजची जी आवृत्ती वापरतात, भरतकामाचे आणि जॅकार्डचे डिझाइन करणारे जे कुलूप-डोंगल लावून काम करतात, त्यांनी आपले सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालते का हे दुसऱ्या एखाद्या मशीनवर आधी करून पाहावे. प्रोसेसर घेतल्यावर हे कळून उपयोग नाही.

बायोस चढवणे

बायोस नवी करायची ती जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच. हा नियम सोडू नये. नवा बसवल्यावर पडदाच लागणार नाही, मग बायोस चढवणार कशी? काही बोर्डांवर मागे एक खास यूएसबी खाच आणि बटण असते, तेथून प्रोसेसरशिवायही बायोस चढते, पण साध्या दुकानी बोर्डांवर ही सोय क्वचितच असते.

प्रथम सध्याच्या सेटिंगचे फोटो काढावेत. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबले की बायोसची पाने उघडतात. प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो घ्यावा. विशेषतः साटाचे सेटिंग एएचसीआय आहे की रेड, बूटचा क्रम काय आहे, सीएसएम चालू आहे की बंद, हे टिपावे. बायोस चढवल्यावर ही सर्व सेटिंग मूळपदावर जातात. साटाचे सेटिंग नकळत बदलले तर विंडोज निळा पडदा दाखवते आणि माणूस उगाच डिस्कला दोष देतो.

मग कंपनीच्या वेबसाइटवरून, नेमक्या मॉडेलची आणि नेमक्या आवृत्तीची फाइल उतरवून एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर टाकावी. फार जुन्या बायोसवरून एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मध्ये एक पायरी घ्या असे टिपेत लिहिलेले असेल तर ती घ्यावी. बायोसच्या पानातच चढवण्याचे साधन असते. गिगाबाइटच्या बोर्डावर त्याला क्यू-फ्लॅश म्हणतात, असूसच्या ईझी फ्लॅश, एमएसआयच्या एम-फ्लॅश. विंडोजमध्ये बसून बायोस चढवण्याचीही सॉफ्टवेअर असतात, पण आम्ही त्या वाटेने जाऊ नका असेच म्हणू. मध्येच विंडोज अडकले तर अर्धी बायोस लिहिलेली राहते.

काम काही मिनिटांचे, पण त्या मिनिटांत वीज जाता कामा नये. यूपीएस लावावा आणि त्याची बॅटरी खरोखर टिकते का हे आदल्या दिवशी पाहावे. आपल्याकडे कित्येक दुकानांतले यूपीएस फक्त दिवा दाखवतात. पावसाळ्याच्या तोंडावर, संध्याकाळी वारा सुटलेला असताना हे काम काढू नये. पडदा काही क्षण काळा झाला, मशीन एक-दोनदा आपोआप बंद-चालू झाले, तरी बटणाला हात लावू नये.

बायोस चढल्यावर जुन्या प्रोसेसरवरच एकदा विंडोज पूर्ण उघडून पाहावी. उघडली, बिलाचे सॉफ्टवेअर चालले, म्हणजे अर्धे काम फत्ते.

याच टप्प्यावर डिस्कची बांधणी पाहून घ्यावी. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडसमोर यूईएफआय लिहिले असेल तर ठीक. लेगसी असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. तिच्यावर सिक्युअर बूट चालत नाही, आणि बायोसमध्ये नुसते सीएसएम बंद केले की विंडोज सुरूच होणार नाही. विंडोजबरोबर एमबीआर टू जीपीटी नावाचे साधन येते, ते माहिती न पुसता डिस्क नव्या पद्धतीची करते. बॅकअप हातात असताना, आणि जाणत्या माणसाकडूनच हे करून घ्यावे. आधी डिस्क, नंतर सीएसएम बंद, हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

प्रोसेसर काढताना एएमडीच्या एएम ४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नव्हे. वर्षानुवर्षे वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर वरच्या पंख्याला चिकटलेला असतो. सरळ उपसला तर तो सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करावे, बंद करून वायर काढावी, मग पंखा हलके डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. इंटेलमध्ये पिना बोर्डात असतात, तेथे सॉकेटमध्ये बोटसुद्धा घालू नये. कापडाच्या दुकानात गादीवर बसून हे काम करू नये. सिंथेटिक साड्यांच्या घड्या उलगडताना थंडीत ठिणग्या उडतात, ती स्थिर वीज चिपला मारक आहे. लाकडी टेबल घ्यावे, पेटीच्या धातूला हात लावून मगच चिप उचलावी. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरते.

पहिल्यांदा चालू करताना पडदा लागायला एक-दोन मिनिटे लागू शकतात, कारण बोर्ड मेमरी नव्याने तपासतो. पाच मिनिटांनीही काही दिसले नाही तर वायर काढून बोर्डावरील नाण्यासारखा सीआर २०३२ सेल थोडा वेळ काढून ठेवावा, किंवा सीमॉसचा जम्पर मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे जोडावा. जुन्या काळच्या जम्परांपैकी हा एक अजून टिकून आहे.

पडदा लागला की बायोसमध्ये जावे. एफटीपीएमचा प्रश्न आला आणि किल्ली कागदावर असली, कुलूप सैल केलेले असले, तर निर्धास्त वाय दाबावे. मग आधी मूळ सेटिंग भरून घ्यावीत, साटा फोटोप्रमाणे ठेवावे, तारीख-वेळ तपासावी. चुकीच्या तारखेने बिलावर घोळ होतो आणि बँकेची पाने उघडत नाहीत. एएमडीत एफटीपीएम आणि इंटेलमध्ये पीटीटी चालू करावे, सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू. फार जुने ग्राफिक कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा जाऊ शकतो, हेही ध्यानात असावे. मेमरीचा वेग वाढवणारे एक्सएमपी आठवडाभर तरी बंदच ठेवावे. दुकानाच्या कामाला त्याची घाई नसते. वीज गेल्यावर मशीन आपोआप चालू व्हावे की न व्हावे याचेही सेटिंग असते, आम्ही ते बंद ठेवणे पसंत करतो.

कामाचा दिवस निवडतानाही हिशेब असावा. जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि ३बी ची २०, म्हणजे दरमहा भरणाऱ्यांनी २० तारखेनंतरचा निवांत दिवस घ्यावा. मार्चअखेर आणि ईदच्या आधीचे पंधरा दिवस टाळावेत. कारागिराला सकाळी बोलवावे, दुकान बंद करताना नव्हे. बोर्डाचे मॉडेल, बायोसचा आकडा आणि प्रोसेसरचा नंबर बिलावर लिहून घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन खोक्याविना सुटा प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्याच्या पिना भिंगाने पाहून आणि वॉरंटी कोण देणार हे विचारूनच तो घ्यावा.

जुना प्रोसेसर लगेच मोडीत देऊ नये. त्याच्या पिना सुरक्षित राहतील अशा प्लास्टिकच्या डबीत महिनाभर ठेवावा. नवा मध्येच बंद पडला आणि नवी बायोस जुन्याला चालवत असेल, तर दुकान त्याच दिवशी पुन्हा चालू करता येते. महिना नीट गेला की बिटलॉकर पुन्हा लावायचे असेल तर लावावे. कुलूप पूर्ण काढले असेल तर नवी ४८ आकड्यांची किल्ली तयार होईल; नुसते सस्पेंड केले असेल तर जुनीच किल्ली राहते. नवी किल्ली तयार झाली तरच जुना कागद फाडून नवा तिजोरीत ठेवावा.